खेळपट्टीच्या नावाने खडे

पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर भारत दोन कसोटी हरला आहे. दोन्ही वेळा चेंडू वळत होता आणि दोन्ही वेळा आपल्याकडे अश्विन आणि जडेजा होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाने ३३३ धावांनी हरवलं. स्टीव्ह ओकीफ या डावखुऱ्या फिरकीपटूने पहिल्या डावात ३५ धावांत ६ बळी घेतले आणि दुसऱ्या डावातही तेवढ्याच धावांत तेवढेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १५७ धावांत १३ जण टिपले आणि मायदेशात सलग १८ मालिका जिंकण्याचा भारताचा क्रम तिथेच तुटला. तरी ‘आखाडा करा, पाहुणे आपोआप गारद होतील’ हा समज पानटपरीपासून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत शाबूत आहे.

आखाड्यामुळे यजमानांच्या उत्तम फिरकीपटूचीच किंमत घसरते, हे कोणी फारसं बोलत नाही. चांगल्या खेळपट्टीवर बळी मिळवायचा तर अश्विनसारख्याला चेंडूला उंची द्यावी लागते, वेग बदलावा लागतो, फलंदाजाला क्रीजबाहेर खेचावं लागतं. ज्याच्याकडे ही कारागिरी नाही तो पाहुणा फिरकीपटू तिथे मार खातो. पहिल्या तासापासून धूळ उडू लागली की कारागिरीची गरजच संपते. एका टप्प्यावर, जरा वेगात, स्टंपांच्या रोखाने चेंडू टाकत राहायचं. उरलेलं काम माती करते. अश्विन आणि ओकीफ यांच्यातलं अंतर अशा खेळपट्टीवर जवळपास मिटून जातं.

याच गहुंजेला ऑक्टोबर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिका आली, तेव्हा खेळपट्टीवर धावाही होत्या आणि मेहनतीला बळीही. कोहलीने नाबाद २५४ केल्या, भारताने ५ बाद ६०१ वर डाव सोडला आणि सामना एक डाव १३७ धावांनी जिंकला. मैदान तेच होतं, बहुतेक गोलंदाजही तेच. खेळपट्टीबद्दलचे असेच आणखी काही समज आता पाहू.

‘हातभर वळणारा चेंडू बळी घेतो’

हातभर वळलेला चेंडू बऱ्याचदा बॅटची कड चुकवून यष्टिरक्षकाच्या हातात जातो. प्रेक्षक ‘आहा’ म्हणतात, फलंदाज पुन्हा गार्ड घेतो. बळी जातो तो पुढच्या, न वळलेल्या चेंडूवर.

फिरकी चेंडू खाली येताना त्याची उंचावलेली शिवण जमिनीला लागली, तर ती मातीत रुतते आणि चेंडू वळतो. शिवणीऐवजी गुळगुळीत चामडं टेकलं, तर तोच चेंडू सरळ घसरत आत येतो. बोटं तशीच फिरलेली, मनगट तसंच. कोणता चेंडू वळणार हे कित्येकदा गोलंदाजालाही ठाऊक नसतं, तर फलंदाजाला कुठून कळणार? २०१७ मध्ये गहुंजेला ३ बाद ९४ वरून भारत १०५ वर सर्वबाद झाला, म्हणजे ११ धावांत ७ गडी. दुसऱ्या डावात कोहलीने ओकीफचा चेंडू बाहेर जाणार असं धरून बॅट वर उचलली आणि सोडून दिला. तो वळलाच नाही, त्रिफळा उडाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अहमदाबादला भारत-इंग्लंड दिवस-रात्र कसोटी दोन दिवसांत संपली, अक्षर पटेलने ११ बळी घेतले. त्या बळींच्या चित्रफिती पुन्हा पाहा. कितीतरी जण सरळ चेंडूवर पायचीत किंवा त्रिफळाचीत झालेले दिसतील. वळण्यापेक्षा वळण्याची धास्ती महाग पडली. त्या खेळपट्टीला आयसीसीने ‘साधारण’ दर्जा दिला, ‘खराब’ नाही.

आता सँटनरचा एक बळी. २०२४ मध्ये पहिल्या डावात कोहली १ धावेवर त्रिफळाचीत झाला, तो फुलटॉसवर. चेंडू जमिनीला लागलाच नाही. तिथे खेळपट्टीला काय बोल लावणार?

‘लाल माती वळते, काळी माती पाटा’

उलटंही ऐकायला मिळतं. दोन्ही अर्धवट. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला काळ्या मातीचा स्वभाव सांगायला नको: पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यात चिकणमातीचा अंश जास्त, त्यामुळे ती घट्ट धरून राहते, पण चेंडू थांबून आणि खाली राहून येतो. लाल मातीची खेळपट्टी ताजी असताना कडक असते, चेंडू चांगला उसळतो, म्हणून वेगवान गोलंदाज आणि फटकेबाज दोघेही खूश. पाणी कमी मिळालं की मात्र तिचा पृष्ठभाग लवकर सुटतो आणि मग फिरकीला वळण आणि उसळी दोन्ही मिळतात. काळ्या मातीवर चेंडू वळतो, पण मंद. लालवर वळतो आणि झपकन उडतो. न्यूझीलंडने २०२४ च्या त्या मालिकेत आपल्याला पुण्याच्या काळ्या मातीवर हरवलं आणि आठवड्याभरात वानखेडेच्या लाल मातीवरही. मुंबईत जन्मलेल्या एजाझ पटेलने तिथे ११ बळी घेतले आणि १४७ धावांचा पाठलाग करताना भारत १२१ वर संपला. मातीच्या रंगावरून निकाल सांगणाऱ्या मंडळींनी या दोन सामन्यांची सांगड कशी घातली, हे ऐकायला मला आवडेल.

‘गवत दिसलं की वेगवान गोलंदाजांची चैन’

गवताचं मुख्य काम मातीला धरून ठेवण्याचं. मुळं खोल गेली की पृष्ठभाग फुटत नाही आणि चेंडू एकसारख्या उंचीने येतो. म्हणजे हे गवत फलंदाजाच्याच फायद्याचं. वेगवान गोलंदाजाला मदत होते ती हिरव्या, जिवंत गवताखाली ओल असेल तर. शिवण तिथे रुतते आणि चेंडू टप्प्यावरून आत किंवा बाहेर दिशा बदलतो. वाळून पिवळं पडलेलं गवत दिसायला भरगच्च असलं, तरी गोलंदाजाच्या फार कामाचं नसतं.

इथेच आणखी एक घोळ होतो. ‘या खेळपट्टीवर चेंडू चांगला स्विंग होतोय’ असं समालोचक सर्रास म्हणतात. स्विंग हवेत होतो, टप्पा पडण्याआधी. शिवणीचा कोन, चेंडूची चकाकी आणि गोलंदाजाचं मनगट यांचा तो खेळ. खेळपट्टीचा त्यातला वाटा लांबचा: कोरड्या, खरबरीत मैदानावर चेंडू लवकर झिजतो आणि मग रिव्हर्स स्विंग लवकर सुरू होतो, एवढाच.

२०१५ च्या ॲशेस मालिकेत ट्रेंट ब्रिजला पहिल्या सकाळी ऑस्ट्रेलियाचा संघ १८.३ षटकांत ६० धावांत गुंडाळला गेला. स्टुअर्ट ब्रॉडने १५ धावांत ८ बळी घेतले. खेळपट्टी भयंकर असणार, असं कोणालाही वाटेल. त्याच दिवशी संध्याकाळी इंग्लंडच्या ४ बाद २७४ धावा झाल्या होत्या आणि जो रूट १२४ वर नाबाद होता.

‘खेळपट्टी दिवसागणिक बिघडतच जाते’

भारतात बहुधा जाते, पण हा निसर्गनियम नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्थला पहिल्याच दिवशी १७ गडी बाद झाले. भारत १५० वर संपला, दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलिया १०४ वर. मग ऊन पडलं, सुरुवातीची ओल गेली, चेंडूची चाल सरळ झाली आणि जयस्वाल-राहुल जोडीने दिवसअखेर बिनबाद १७२ केल्या. भारताने तो सामना २९५ धावांनी जिंकला.

पूर्वी खेळपट्ट्या झाकत नसत, तेव्हा तर हा फरक काही तासांचा असे. जानेवारी १९३७ मध्ये मेलबर्नला पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर इंग्लंडने ९ बाद ७६ वर डाव सोडला, प्रतिस्पर्ध्याला त्याच चिखलात उतरवायला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमननेही आपण कच्च्या गुरूचा चेला नसल्याचं दाखवलं: फलंदाजीचा क्रमच उलटा केला. शेपटाच्या खेळाडूंनी वेळ काढला, खेळपट्टी वाळली, मग स्वतः सातव्या क्रमांकावर येऊन त्याने २७० धावा केल्या. ‘जुन्या काळच्या खेळपट्ट्या किती न्याय्य होत्या’ म्हणणाऱ्यांनी हा सामना जरूर लक्षात ठेवावा.

रोलरबद्दल एक-दोन वाक्यं पुरेत. नव्या डावाआधी किंवा नव्या दिवशी खेळाआधी फलंदाजी करणाऱ्या संघाचा कर्णधार रोलर फिरवून घेऊ शकतो, पण नियमानुसार जास्तीत जास्त ७ मिनिटं. त्यातून चमत्कार होत नाहीत. खेळपट्टी घट्ट होते ती सामन्याआधीच्या दिवसांत पाणी आणि रोलर यांचा मेळ साधून.

‘लवकर संपला म्हणजे खराब, पाच दिवस चालला म्हणजे उत्तम’

हा सगळ्यांत चिवट गैरसमज. डिसेंबर २०१७ मध्ये मेलबर्नची ॲशेस कसोटी पाचही दिवस चालली, अॅलिस्टर कुकने नाबाद २४४ केल्या आणि अख्ख्या सामन्यात फक्त २४ गडी बाद झाले. आयसीसीने त्या खेळपट्टीला ‘खराब’ ठरवलं. चेंडूला ना वेग, ना उसळी, पाच दिवसांत काही बदल नाही. नियमांत हे स्पष्ट आहे: गोलंदाजाला अवाजवी मदत करणारी खेळपट्टी जशी वाईट, तशीच त्याला काहीच न देणारीही वाईट. २०१७ ची पुण्याची खेळपट्टी आणि मेलबर्नची खेळपट्टी या दोन टोकांना होत्या आणि दोघींच्या प्रगतिपुस्तकावर शेरा एकच पडला.

आपण मात्र या बाबतीत सोयीने बोलतो. जानेवारी २०२४ मध्ये केपटाऊनला कसोटी ६४२ चेंडूंत संपली, निकाली कसोट्यांतली सर्वांत छोटी. दक्षिण आफ्रिका ५५ वर बाद झाली, सिराजने १५ धावांत ६ बळी घेतले, मग भारत ४ बाद १५३ वरून एकही धाव न करता १५३ वरच संपला. तिलाही आयसीसीने असमाधानकारक ठरवलं. पण आपण सामना जिंकला होता, त्यामुळे मराठी घरांत त्या खेळपट्टीची फारशी चर्चा झाली नाही. त्याच खेळपट्टीवर एडन मार्करमने संघाच्या १७६ पैकी १०६ धावा काढल्या, हेही विसरू नये. गहुंजेच्या २०१७ च्या ‘खराब’ खेळपट्टीवर स्टीव्ह स्मिथनेही १०९ केल्या होत्या. त्याचे झेल सुटले हे खरं, पण बाकीच्यांनी निदान तेवढंही केलं नाही.

तेव्हा पुढच्या कसोटीच्या पहिल्या सकाळी कोणी खेळपट्टीच्या भेगेत किल्ली घालून भाकीत सांगू लागलं, तर टीव्हीचा आवाज बंद करा. दोन्ही संघांचा एकेक डाव होऊ द्या. मग धावा कोणी केल्या, बळी कोणत्या चेंडूवर गेले हे पाहा आणि त्यानंतरच खेळपट्टीला नावं ठेवा.