अठरा पूर्ण, पोटगी अपूर्ण

भिंगार हे नगरच्या लष्करी छावणीला लागून वसलेलं गाव. त्यामुळे इथे पोटगीचा प्रश्न फौजेच्या पगारापर्यंत जाऊ शकतो. सैनिकाच्या पगारावर दिवाणी न्यायालयाला जप्ती आणता येत नाही. लष्कर कायदा 1950 चं कलम 28 आडवं येतं. पण त्याच कायद्यानुसार बायकोमुलांच्या निर्वाहासाठी लष्कर स्वतः पगारातून कपात करू शकतं. त्यासाठी पत्नी नवऱ्याच्या युनिटकडे अर्ज करते. पत्नीला पगाराच्या 22 टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलामागे साडेपाच, आणि सगळं मिळून 33 टक्क्यांपर्यंत, असं हे गणित आहे.

आता खरा घोळ. मूल अठराचं झालं की सुटलो, असं अनेक बाप धरून चालतात. मुलाच्या बाबतीत कायद्याची अक्षरं तशीच आहेत. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 144, अज्ञान मुलापुरतंच बोलतं. शारीरिक-मानसिक व्यंगामुळे किंवा इजेमुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाचा अपवाद सोडून. पण अठराव्या वर्षी पोरगं जेमतेम बारावी होतं! 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका सरकारी नोकराला हेच ऐकवलं आणि मुलाच्या पदवीपर्यंत पैसे द्यायला लावले. मुलीचं वेगळं. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार अविवाहित, कमाई नसलेल्या मुलीचा भार लग्नापर्यंत बापावर राहतो. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. मात्र त्यासाठी वेगळा दावा लावावा लागतो, दंडाधिकाऱ्यांकडचा जुना अर्ज पुरत नाही. मुस्लिम बापावरही मुलीच्या लग्नापर्यंत ही जबाबदारी आहे, हे 1997 मध्येच ठरलं. आणि मागची थकबाकी अठराव्या वाढदिवसाला माफ होत नाही.

बापाच्या हक्काचं काय? ‘पोरं भेटू देत नाही, तर पैसे कशाला देऊ?’ हा राग समजण्यासारखा आहे, पण न्यायालयात चालत नाही. पोटगी मुलाची असते, आईवरची मेहरबानी नव्हे. उलट, पोटगी थकली म्हणून आईनेही भेट अडवायची नाही. कायद्यात बाप आजही नैसर्गिक पालक आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा मात्र सहसा आईकडे जातो. ताबा गेला म्हणून पालकत्व जात नाही, आणि भेट हा मुलाचाही हक्क आहे. व्हिडिओ कॉलवरच्या भेटीही 2020 पासून सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरल्या आहेत.

2015 मध्ये विधी आयोगाने 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद सुचवली. ती अजून कायद्यात उतरलेली नाही, म्हणून भेटींचं वेळापत्रक अर्जातच नीट मागावं लागतं. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची भेट सीमेवरच्या जवानाच्या काय कामाची? त्याने वार्षिक रजेतले सलग दिवस आणि आठवड्याच्या कॉलची ठरलेली वेळ मागावी. आदेशात तसं नोंदवूनही घ्यावं.