खेळताना संगणक का तापतो?

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मे महिन्यात पारा 44-45 अंश सेल्सिअसवर जाणे नवे नाही. याच दिवसांत एक तक्रार ऐकू येते. संगणकावर पत्र टाइप करताना काही होत नाही, पण मुलांनी खेळ लावला की अर्ध्या तासात तो अडखळू लागतो. कधी आपोआप बंदही पडतो. मग ‘खेळांनी मशीन बिघडवले’ असे म्हणून मुलांना बोलणी बसतात. हा निवाडा देण्यापूर्वी आपण थोडे मोजून पाहू.

उष्णता येते कुठून?

प्रोसेसर म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावरचे कोट्यवधी ट्रान्झिस्टर. ते चालू-बंद होताना जी वीज खर्च होते, ती जवळजवळ सगळी उष्णतेत बदलते. पत्र लिहिताना दोन अक्षरांच्या मधल्या वेळात प्रोसेसर बहुतांशी रिकामा असतो. खेळात मात्र दर सेकंदाला 30 ते 60 चित्रे नव्याने तयार करावी लागतात. त्याला उसंतच मिळत नाही. 1989 साली आलेला 486 हा प्रोसेसर इतकी कमी वीज घेई, की सुरुवातीला त्याला पंखाही लागत नसे. आज 65 वॅटचे प्रोसेसर सर्रास दिसतात. पूर्वीच्या 60 वॅटच्या बल्बला बोट लावून पाहिलेल्यांना याचा अर्थ सहज कळेल!

माठ आणि पंखा

ही उष्णता बाहेर नेण्यासाठी प्रोसेसरवर पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा बसवतात आणि त्यावर पंखा वारा घालतो. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. माठातले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होते, कारण माठ पाझरतो आणि बाष्पीभवन उष्णता घेऊन जाते. कोरड्या ठोकळ्यावरचा पंखा हे करू शकत नाही. तो प्रोसेसरला हवेच्या तापमानाच्या जवळ आणतो, त्याखाली कधीच नाही.

म्हणून हिशेब सोपा आहे. समजा, ठोकळा स्वच्छ असताना दर वॅटमागे तापमान 0.6 अंशांनी वाढते. खेळताना 65 वॅट खर्च झाले, तर वाढ 39 अंश. जानेवारीत आतली हवा 28 अंश असेल, तर प्रोसेसर 67 अंशांवर राहील. मे महिन्यात हवा 43 अंश असेल, तर 82 अंशांवर. आता पात्यांत धूळ आणि कापसाचे तंतू अडकून वाढ दर वॅटमागे 0.9 अंश झाली असे समजू. मग वाढ 58.5 अंश आणि तापमान 101.5 अंश! पत्र लिहिताना 10 वॅटच लागत असतील, तर याच धुळीत, याच उन्हाळ्यात ते 52 अंशच राहील. पत्र चालते आणि खेळ अडतो, ते यामुळे.

बहुतेक प्रोसेसर 95 ते 105 अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात. अडखळणे हे त्यांचे स्वसंरक्षण असते. तरीही तापमान चढतच राहिले, तर ते यंत्र बंद करतात.

वर्गात करून पाहा

तापमापक प्रोसेसरच्या आतच असतो. त्याचे आकडे दाखवणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात; लिनक्समध्ये ‘सेन्सर्स’ ही आज्ञा आहे. संगणकात हवा शिरते त्या जागेजवळ साधा तापमापकही टांगावा. मग दर मिनिटाला दोन्ही आकडे वहीत लिहावेत: 5 मिनिटे रिकाम्या संगणकाचे, 20 मिनिटे खेळ चालू असताना आणि 10 मिनिटे खेळ थांबवल्यावर. सकाळी एकदा, दुपारी एकदा असे करून आलेख काढावेत. दोन्ही वेळी प्रोसेसर आणि हवा यांच्या तापमानातला फरक किती येतो? दुपारी पंखा जोरात फिरू लागला, तर त्या फरकाचे काय होते?

नंतर संगणक बंद करून, प्लग काढून, पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढावी आणि पुन्हा मोजावे. खोलीत कूलर लावूनही पाहावे. कोरड्या मे महिन्यात तो हवा बरीच उतरवतो, दमट जुलैत फारशी नाही. त्याचे तुषार मात्र यंत्रावर येऊ देऊ नयेत.

मोठ्या यंत्रांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत 2019 साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात प्रोसेसरची उष्णता वाहून नेण्यासाठी हवेऐवजी द्रव वापरला आहे. शाळेत मोजकेच संगणक असतात. तिथे ब्रश, वही आणि तापमापक एवढ्यावर बरेच भागते. शिवाय दोष खेळाचा, धुळीचा की दुपारच्या उन्हाचा, हे मुलांना स्वतःच्या आलेखावरून दाखवून देता येईल.