कॅप्सूलमधली करडई

जिममध्ये ‘चरबी जाळणारी’ म्हणून खपणारी सीएलए, म्हणजे कॉन्ज्युगेटेड लिनोलेइक ॲसिडची कॅप्सूल बहुधा करडईच्या तेलापासून बनते. उमरी, नांदेड, लातूरकडच्या रब्बीतलं हेच काटेरी पीक. करडईच्या तेलात साधारण ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असतं. कारखान्यात अल्कलीच्या साहाय्याने त्याची रेणूरचना बदलली की सीएलए तयार. त्यामुळे घाण्यावरचं तेल जास्त ओतून तो परिणाम मिळणार नाही, उलट दर ग्रॅममागे ९ कॅलरी तेवढ्या वाढतील.

आणि परिणाम तरी केवढा? २००७ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा रोज सुमारे ३.२ ग्रॅम सीएलए घेणाऱ्यांची चरबी आठवड्याला सरासरी ९० ग्रॅम जास्त घटल्याचं दिसलं. एवढ्यासाठी महागडी बाटली! शिवाय त्यातला एक घटक इन्सुलिनचा प्रभाव कमी करू शकतो, म्हणून मधुमेहींनी डॉक्टरांना विचारावं.

ओमेगा-३ची गोष्ट वेगळी. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ असतं. १० ग्रॅम जवसातून ते दोनेक ग्रॅम मिळतं. शरीर त्यातलं थोडंच ईपीए-डीएचए या माशांतल्या ओमेगा-३मध्ये बदलतं, ते थेट हवं तर मासे किंवा शैवालतेल. अख्खा जवस बराचसा न पचताच बाहेर पडतो, म्हणून भाजून कुटलेली चटणीच बरी. भाकरीसोबत तंतूही पोटात जातात. वजन मात्र या चटणीनेही आपोआप उतरत नाही.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर माशाच्या तेलाच्या कॅप्सूल परस्पर सुरू करू नयेत.