ठेका मागे का पडतो?

मुलांच्या कवितेला संगणकावर ठेका जोडताना आमची पंचाईत झाली. कळ दाबली की तबल्याचा बोल उशिराने ऐकू येई. तबला एका प्रोग्रॅममध्ये, ध्वनिमुद्रण दुसऱ्यात. लिनक्सवरचा 'जॅक' हा प्रोग्रॅम आवाज एकाकडून दुसऱ्याकडे नेत होता.

सिद्धेश्वर धरण आठवले की उलगडा होतो. येलदरीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी पूर्णा नदीतून येथे येऊन साठते आणि मग कालव्यांत सोडले जाते. वरचा प्रवाह कमीजास्त झाला तरी साठ्यामुळे कालवा वाहता राहतो.

संगणकातला आवाजही सेकंदाला ४८,००० संख्यांच्या रूपात वाहतो आणि वाटेत साठतो. ४,०९६ संख्यांचा साठा भरायला ४,०९६ ÷ ४८,०००, म्हणजे सुमारे ८५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात हवेतला आवाज जवळजवळ ३० मीटर जातो. तबलजी मैदानापलीकडे बसल्यासारखेच झाले!

आम्ही साठा २५६ वर आणला, ठेका जुळला. आणखी लहान केला, तर संगणक दुसऱ्या कामात गुंतताच साठा रिता होऊन आवाज तुटू लागला.

२५६ च्या साठ्याला तबलजी किती अंतरावर बसेल? आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरून मुलांना हे गणित करू द्या.