घरात एकाला शुगर निघाली की

लालबागच्या चाळींत आणि चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत 'शुगर निघाली' हे वाक्य आता सर्दी झाल्यासारखं सांगितलं जातं. ते साहजिकही आहे. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेसोबत २०२१ साली केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयाच्या १८ टक्के मुंबईकरांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीवर आढळली, म्हणजे पाच-सहा माणसांमागे एक. पण रिपोर्ट ज्या घरात येतो तिथे तो पहिलाच असतो, आणि नवऱ्याने किंवा बायकोने आता नेमकं करायचं काय, हे कुणी समजावत नाही. मग दोन वाटा आपोआप धरल्या जातात. एक म्हणजे पेशंटचा घास न् घास मोजायचा. दुसरी, त्याच्यासाठी बेचव पथ्याचा स्वयंपाक वेगळा रांधायचा आणि बाकीच्यांचं आधीसारखं चालू ठेवायचं. दोन्ही प्रेमापोटीच होतं. तरीही माझं म्हणणं असं, की या दोन्ही वाटा फसतात. जोडीदाराने बदलायचं असतं ते घराचं जेवण आणि घराचा दिनक्रम, आणि त्यात स्वतःलाही धरायचं असतं.

सुरुवात दोष देणं थांबवण्यापासून होते. 'गोड खाऊन खाऊन ओढवून घेतलंस' हे पहिल्या आठवड्यातच ऐकवलं जातं, आणि ते अर्धवट माहितीवर बेतलेलं असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी लपलेली असते आणि तिची मुळं पार गर्भातल्या पोषणापर्यंत जातात, हे याज्ञिकांच्या पुण्यातल्या कामाने दाखवून दिलं. खाणं आणि बसून राहणं यांचा वाटा आहेच. पण ज्याला गुन्हेगार ठरवलं, तो माणूस पुढचा रिपोर्ट दाखवायचा टाळतो.

आता स्वयंपाकघर. लालबागचं मूळ जेवण कोकणी, भातावर उभं राहिलेलं. गिरण्यांच्या काळात आठ तास साच्यावर उभं राहणाऱ्या कामगाराला तो भात पचत होता. आज खुर्चीवर बसणाऱ्या त्याच्या मुलाच्या ताटात तोच ढीग येतो. ताट उलटं करायचं नाही, प्रमाण फिरवायचं आहे: अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव ताटात मटकीची उसळ, बांगडा किंवा अंडं, आणि उरलेल्या पावात भात किंवा भाकरी, दोन्ही नव्हे. भाजी-उसळ आधी खाऊन भात शेवटी घेतला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. गूळ आणि मध ही साखरच आहे, हेही घरात एकदा स्पष्ट व्हायला हवं. यावर रास्त प्रश्न येतो, की एकासाठी मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी का सोसायचं? पण वर सांगितलेल्या ताटात सोसण्यासारखं काय आहे? म्हाताऱ्यांना किंवा वाढत्या मुलाला भूक असेल तर भात जास्त वाढावा. भाजी आणि उसळ सगळ्यांना एकच. शिवाय हा उपकार एकतर्फी नाही. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार जोडीदाराला मधुमेह असेल तर आपल्याला तो होण्याचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो. नवरा-बायकोचं रक्त एक नसतं, घर एक असतं. आणि २००८च्या एका अमेरिकी अभ्यासात मधुमेही जोडीदार वजन घटवण्याच्या कार्यक्रमात गेला, तेव्हा घरी राहिलेल्याचंही वजन वर्षभरात सरासरी दोन किलोंच्या आसपास उतरलं.

'लक्ष ठेवलं नाही तर तो बाहेर वडापाव खाईल' हा आक्षेप खरा आहे. कोपऱ्यावर वडापाव आहे, चिवडा गल्ली आहे, गणपतीत तर घरोघरी मोदक. पण पहारा ठेवल्याने वडापाव सुटत नाही, तो लपवून खाल्ला जातो, आणि लपवलेली गोष्ट डॉक्टरांपर्यंतही पोहोचत नाही. एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. एका मोदकाने ती बिघडत नाही; रोजच्या दोन वेळच्या जेवणाने बिघडते. तेव्हा चारचौघांत हात धरण्यापेक्षा रात्री जेवणानंतर दोघांनी मिळून वीस मिनिटं चालून यावं. 'तो मोठा माणूस आहे, त्याचं तो बघेल' असं म्हणून हात झटकणंही बरं नव्हे. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाने १९९८ साली दाखवलं, की साखर नीट आवरली तर डोळे आणि मूत्रपिंडांसारख्या ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार पाव हिश्श्याने कमी होतात. दहा वर्षांनंतरही तो फायदा टिकला होता. पहिली वर्षं म्हणूनच मोलाची.

काही कामं जोडीदारच चांगली करू शकतो. रात्री दिव्याखाली पायाचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघणं, हे त्यातलं एक. नस बधिर झाली असेल तर चिरलेलं कळत नाही आणि वाकून स्वतःचा तळवा नीट दिसत नाही. अशा पायांनी लालबागच्या राजाच्या दर्शनाला अनवाणी जाऊ नये. दुसरं काम उपवासाचं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं तर माणूस शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. उपवासाआधी डॉक्टरांना विचारायला सोबत जावं.

खरी कसोटी मात्र मधुमेह बायकोला होतो तेव्हा. नवऱ्याला झाला तर स्वयंपाक बदलणारी कुणीतरी असते. तिला झाला तर सगळ्यांना वाढून उरलेला भात तीच संपवते, गोळी विसरते, चालायला वेळ सापडत नाही, आणि 'तुझं पथ्य तू सांभाळ' असं तिलाच सांगितलं जातं. इथे आधार देणं म्हणजे भाजी निवडणं, तिच्या चालण्याच्या वेळी डबा भरणं, आणि मुंबईच्या केईएमच्या किंवा जवळच्या 'आपला दवाखाना'च्या रांगेत तिच्यासोबत उभं राहणं. त्या रांगेत उभे आहातच, तर नवरोबांनो, तिची उपाशीपोटीची तपासणी होईल त्याच सकाळी आपलीही करून घ्या.