मधली भिंत : ख्रिस्ती नीतिविचार, वास्तू आणि सामाजिक न्याय

नीतिशास्त्राचा अभ्यासक ग्रंथ वाचतो, वास्तुकलेचा अभ्यासक नकाशे तपासतो आणि समाजशास्त्राचा अभ्यासक माणसांच्या परस्परव्यवहाराची नोंद घेतो. विद्यापीठीय विभागांची ही वाटणी सोयीची खरी. परंतु एखादे उपासनामंदिर अभ्यासावयास घेतले की ती अपुरी पडते. तेथे काय शिकविले जाते, ते कसे बांधले आहे आणि त्यात कोणाला कोठे उभे राहू दिले जाते, हे तीन प्रश्न त्या एकाच वास्तूत एकत्र येतात. त्यांचा एकत्रित अभ्यास कसा करावा, याचा विचार ख्रिस्ती परंपरेतील काही उदाहरणांच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभ शब्दांपासून करू. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ‘ओइकोदोमे’ हा शब्द अनेकदा येतो. ‘ओइकोस’ म्हणजे घर. ‘ओइकोदोमे’ म्हणजे घर बांधण्याची क्रिया अथवा बांधलेली इमारत. पौलाच्या पत्रांत हाच शब्द श्रद्धावंतांनी एकमेकांना नैतिक बळ द्यावे या अर्थाने योजिलेला आढळतो. लॅटिन भाषांतरात त्याच्या जागी आलेला ‘एडिफिकातिओ’ हा शब्दही मूळचा बांधकामाचाच. मराठी भाषांतरांत ‘उन्नती’ हा शब्द रूढ झाला. त्यामुळे वर चढण्याची कल्पना राहिली, घर बांधण्याची मात्र लोपली. वस्तुतः ही कल्पना मराठीला परकी नाही. ‘संसार उभा केला’ किंवा ‘घर मोडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा दगडविटांविषयी बोलत नसतो. सांगावयाचे ते इतकेच, की ख्रिस्ती नीतिविचाराचा एक मूलभूत शब्द गवंड्याच्या व्यवसायातून आलेला आहे. म्हणून नीती आणि वास्तू यांचा संबंध अभ्यासकाने बाहेरून जोडावा लागत नाही. तो भाषेतच आहे.

याच भाषेत एक विरोधी शब्दही आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात यहुदी आणि यहुदीतर यांच्यातील दुरावा ‘मेसोतोइखॉन’ म्हणजे ‘मधली भिंत’ या शब्दाने सुचविला आहे. ती भिंत ख्रिस्ताने पाडली, असे प्रतिपादन तेथे आहे. लक्षणीय गोष्ट ही, की अध्यायाचा शेवट पाडण्याने होत नाही. पुढे थोड्याच ओळींनी ‘ओइकोदोमे’ हा शब्द येतो आणि दोन्ही समाज मिळून एक इमारत उभी राहत असल्याचे चित्र रेखाटले जाते. भिंत पाडणे आणि घर बांधणे ही येथे एकाच कार्याची दोन अंगे होत.

ही भिंत केवळ रूपक होती काय? यरुशलेम येथील हेरोदकालीन मंदिरात यहुदीतरांना एका मर्यादेपलीकडे प्रवेश नव्हता. ती मर्यादा दाखविणारा कठडा होता आणि त्यावर इशारे कोरलेले होते, असे योसेफस या इतिहासकाराने नमूद केले आहे. १८७१ मध्ये क्लेरमाँ-गानो या फ्रेंच संशोधकास त्यांपैकी एक ग्रीक शिलालेख सापडला. आत शिरणारा परकीय आपल्या मृत्यूस स्वतः जबाबदार राहील, असा त्याचा आशय आहे. पत्रातील मधली भिंत ती हीच, असे अनेक भाष्यकार मानतात. तथापि येथे सावधगिरी हवी. शिलालेखात कठड्यासाठी ‘त्रुफाक्तोस’ असा निराळा शब्द आहे, ‘मेसोतोइखॉन’ नाही. तेव्हा हे समीकरण संभाव्य असले तरी सिद्ध नव्हे. शब्द आणि दगड एकमेकांशेजारी ठेवून पाहिले म्हणजेच अनुमानाची मर्यादा कळते.

आता आपल्या देशातील एका उदाहरणाकडे वळू. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ, तिरुनेलवेली जिल्ह्यात, वडक्कनकुलम हे गाव आहे. तेथील कॅथलिक समाजात वेळ्ळाळ आणि नाडार या जातींत चर्चमधील जागेवरून दीर्घकाळ तंटा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेझुइट धर्मगुरूंच्या देखरेखीखाली तेथे जे चर्च बांधण्यात आले, त्याला एकाऐवजी दोन सभागृहे ठेवण्यात आली. ती दोन भुजांप्रमाणे तिरकी येऊन वेदीपाशी मिळत. मध्ये भिंत होती. दोन्ही समाजांना वेदी दिसावी, पण परस्परांचा संपर्क होऊ नये, अशी ही योजना होती. १९१० मध्ये बिशपांच्या आज्ञेने ती भिंत काढून टाकण्यात आली. वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींतील काहींनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेले. जातीच्या आधारावर चर्चमध्ये विभक्त जागा मिळण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही.

या वास्तूत नवा करारच वाचला जात होता. केवळ ग्रंथ पाहणाऱ्यास तेथे समतेचा उपदेश सापडला असता. केवळ नकाशा पाहणाऱ्याने, दोन समुदायांना एक वेदी देण्याची युक्ती कुशल आहे, असा अभिप्राय दिला असता. समाजाचा इतिहास आणि न्यायालयीन दप्तर यांची जोड मिळाल्यावाचून ती भिंत काय बोलत होती, हे कळत नाही. उपदेश एक सांगत होता आणि इमारत त्याच्या उलट सांगत होती. उपासकाला तर दर रविवारी इमारतीचे म्हणणे आधी कळत असे. कारण कोणत्या दारातून जावयाचे, हे त्याला प्रवचनापूर्वीच ठरवावे लागे.

आत कोण कोठे उभे राहतो, एवढ्याने प्रश्न संपत नाही. इमारत कोणी आणि कोणत्या स्थितीत बांधली, हाही न्यायाचाच प्रश्न आहे. जॉन रस्किन याने ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या ग्रंथाच्या १८५३ मधील दुसऱ्या खंडात गॉथिक वास्तुशैलीची चर्चा करताना हा प्रश्न पुढे आणला. नक्षीकामातील ओबडधोबडपणा हा दोष नसून कारागिराच्या स्वातंत्र्याची खूण आहे; याउलट, निर्दोष एकसारखेपणासाठी माणसाचे यंत्र करावे लागते, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे त्याने मजुरीच्या न्यायाविषयी जे पुस्तक लिहिले, त्याचे ‘अन टू धिस लास्ट’ हे नाव मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून घेतलेले आहे. गांधीजींनी ते १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वाचले आणि १९०८ मध्ये त्याचा गुजराती सारांश ‘सर्वोदय’ या नावाने प्रसिद्ध केला.

रस्किनचा प्रश्न मोलाचा आहे. त्याचे उत्तर मात्र पारखून घ्यावयास हवे. एक्झेटर येथील कॅथीड्रलच्या बांधकामाचे तेराव्या-चौदाव्या शतकांतील हिशेब उपलब्ध आहेत. त्यांत मजुरीच्या व सामानाच्या नोंदी आहेत. मध्ययुगीन पाथरवट हा स्वच्छंद कलावंत नसून मजुरीवर राबणारा माणूस होता, हे अशा नोंदींवरून स्पष्ट होते. यामुळे रस्किनचा नैतिक आग्रह खोटा ठरत नाही. परंतु नक्षीवरून स्वातंत्र्य सिद्ध होते, हे त्याचे अनुमान दुबळे ठरते. कारागिराची स्थिती जाणून घ्यावयाची तर शिल्पाबरोबर हिशेबाची वहीही वाचली पाहिजे. आदर्शाच्या ओढीने इतिहास सुशोभित करणे हाही एक प्रकारचा अन्यायच होय. कारण ज्याने श्रम केले, त्याची खरी कहाणी त्यामुळे झाकली जाते.

तात्पर्य, अशा अभ्यासात शब्द, वास्तू आणि दप्तर या तिघांची साक्ष घ्यावी आणि एकीची परीक्षा दुसरीने करावी. यात भाषेच्या अभ्यासकाकडे एक खास काम येते. दारांना, ओळींना, बसण्याच्या जागांना लोक कोणत्या नावांनी ओळखतात, याची नोंद वास्तूच्या मोजमापाबरोबरच व्हावयास हवी. कारण भिंत पाडल्यानंतरही नाव मागे राहू शकते. याचे प्रत्यंतर मराठीतच आहे. गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. अनेक गावांत ती आज उरलेली नाही. तरीही ‘गावकुसाबाहेरचा’ हा शब्द उच्चारला की कोणाविषयी बोलणे चालले आहे, हे कोणाला विचारावे लागत नाही. दगडांची भिंत एका दिवसात पाडता येते. भाषेतील भिंत कोठे उभी आहे, ते आधी शोधावे लागते.