कंद फुगीर, पण डोळा कुठे?



टिपरी कितीही जाड असो, डोळा मेलेला असेल तर ती उगवायची नाही, हे आम्ही शिवारफेरीत शंभरदा सांगतो. गेल्या भाद्रपदात मात्र आम्हीच ते विसरलो.

आमची धाकटी बहीण पुण्यात वारज्याला राहते. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात डेलिया पाहिल्यापासून तिला ती फुले परसात हवी होती. आम्ही ऐटीत रताळ्याएवढे बारा कंद विकत आणून दिले. महिनाभरात उगवले तीन. बाकीचे उकरले, तर कुजलेले! "दादा, तू ऊस विकास अधिकारी ना रे?" असे ती म्हणाली आणि आमची मान खाली गेली.

चूक साधीच होती. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाच्या कंदाला नसतात. कोंब फुटतो तो मानेपाशी, जुन्या खोडाच्या बुडख्याला. बुडखा सोडून मोडलेला कंद म्हणजे नुसते अन्न साठवलेले मूळ. त्याला कोंब येत नाही. म्हणून घड कापताना प्रत्येक कंदासोबत डोळ्यासह बुडख्याचा तुकडा ठेवावा. डोळे ओळखू येत नसतील, तर घड सावलीत ओलसर वाळूत ठेवावा आणि डोळे फुगल्यावर कापावा. निचऱ्याच्या जमिनीत चार ते सहा इंच खोल, डोळा वर करून लावावा. आधाराची काठी तेव्हाच रोवावी, नंतर कंदात घुसते. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानेच.

उरलेल्या तीन कंदांनी आमची लाज राखली. त्यांचे तीन-चार इंची कोंब पेराच्या खाली कापले, खालची पाने काढली आणि सावलीत ओल्या वाळूत लावले. तीन आठवड्यांत मुळ्या फुटल्या, चौदा रोपे झाली! अशा रोपांना मूळ झाडासारखेच फूल येते. बियांच्या रोपांची तशी खात्री नाही. मात्र रोगट झाडाचा कोंब घेऊ नये, विषाणू रोपात उतरतो. गवताळ वाढीच्या बेटाचे बेणे आपण टाळतो, तसेच हे.

पौषात परस फुलला. बहिणीने पहिले फूल आमच्या हाती दिले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता आडसाली लागण तोंडावर आहे. नऊ ते अकरा महिन्यांचे निरोगी बेणे घ्या. जाडीला भुलू नका, डोळा पाहा. आम्हीही आता आधी डोळाच पाहतो.